सर्व्हर मंद का झाला?

संगणक मंद चालतो ही तक्रार शाळेच्या कार्यालयात, बँकेत, प्रयोगशाळेत, सगळीकडे ऐकू येते. तिच्यावरचे उपायही ठरलेले असतात. बंद करून पुन्हा चालू करा, मेमरी वाढवा, नाहीतर नवा घ्या. ताप आलेल्या माणसाला न तपासताच औषध देण्यासारखा हा प्रकार आहे. ताप हे लक्षण असते, तसाच मंदपणाही लक्षणच असतो. त्यामागचे कारण शोधायला थोडे भौतिकशास्त्र, थोडे अंकगणित आणि बरीचशी शिस्त लागते. ही शिस्त मी स्वतः एका चुकीतून शिकलो. ती चूक आणि तिच्यामागचे विज्ञान या लेखात सांगायचे आहे.

आमच्या प्रयोगशाळेत तीसेक संशोधकांच्या फाईली एका सामाईक संगणकावर ठेवलेल्या असतात. अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात. आमचा सर्व्हर युनिक्स कुळातील लिनक्स या प्रणालीवर चालतो. काही वर्षांपूर्वी एका जून महिन्यात तो मंद झाला. पूर्वी एखाद्या फोल्डरची यादी उघडायला पाचेक सेकंद लागत, आता वीस सेकंद लागू लागले. चौकशीत असे दिसले की पीएचडीच्या एका विद्यार्थ्याचा प्रोग्राम दिवसभर हजारो लहान फाईली वाचत असतो. त्याला प्रोग्राम थांबवायला सांगितले. यादी चार सेकंदांत उघडू लागली. सर्वांची खात्री पटली, माझीही. गुन्हेगार सापडला होता आणि पुरावाही हाती होता.

विद्यार्थी एवढेच म्हणाला, "सर, पाच महिने हाच प्रोग्राम चालू आहे. मी त्यात काहीच बदललेले नाही."

मी ते मनावर घेतले नाही. त्याच्या कामाचे जवळपास तीन आठवडे वाया गेले, प्रबंधाची मुदत तोंडावर आली. प्रत्यक्षात तो निर्दोष होता. पुरावा आम्हाला का फसवू शकला, हे समजण्यासाठी आधी सर्व्हरच्या आत डोकावू.

एक फाईल मागितली की

आपण आपल्या संगणकावर फाईलवर टिचकी मारतो, तेव्हा ती मागणी नेटवर्कच्या तारेतून सर्व्हरकडे जाते. तेथील प्रोसेसर ती वाचतो. फाईल नुकतीच कोणी वाचली असेल तर ती सर्व्हरच्या मेमरीत असते व लगेच परत येते. नसेल तर हार्ड डिस्ककडे जावे लागते. म्हणजे वाटेवर चार ठाणी आहेत: नेटवर्क, प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क. उशीर यांपैकी कोठेही होऊ शकतो.

यांतील सर्वांत संथ ठाणे बहुधा डिस्कचे असते, कारण तेथे खरोखरची यांत्रिक हालचाल होते. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या चकत्या फिरतात आणि एका भुजेच्या टोकाला असलेले शीर्ष त्यांवरील माहिती वाचते. नेहमीची चकती मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात. एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. हवी ती जागा शीर्षाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी भुजा योग्य वर्तुळावर न्यायला सुमारे ८ मिलिसेकंद जातात. एकूण १२ ते १२.५ मिलिसेकंद. म्हणजे चकतीवर इतस्ततः विखुरलेल्या जागा वाचायच्या असतील तर सेकंदाला सुमारे ८० वाचने होतात, त्याहून फारशी जास्त नाहीत.

आता दोन प्रकारच्या कामांची तुलना करू. सलग लिहिलेली एक गिगाबाइटची फाईल डिस्क सेकंदाला सुमारे १६० मेगाबाइट या वेगाने वाचते. सहा-सात सेकंदांत काम संपते. तीच एक गिगाबाइट माहिती ४ किलोबाइटच्या अडीच लाख तुकड्यांत विखुरलेली असेल, तर सेकंदाला ८० या गतीने ३१२५ सेकंद, म्हणजे ५२ मिनिटे लागतील. डिस्क तीच आणि माहितीही तेवढीच, पण वेळेत पाचशे पटींचा फरक. म्हणून "आमची डिस्क सेकंदाला १६० मेगाबाइट देते" हे विधान अर्धवट आहे. कोणते काम करताना, हे सांगितल्याशिवाय वेगाला अर्थ नाही.

भुजा आणि चकती नसलेल्या एसएसडीमध्ये ही यांत्रिक वाट पाहणी नसते. पण मोठ्या साठवणीसाठी फिरत्या डिस्क स्वस्त पडतात, म्हणून त्या अजून वापरात आहेत. शिवाय पुढे येणारा रांगेचा नियम दोघींनाही लागू आहे.

रांगेचे गणित

तिकिटाच्या खिडकीवर एक कारकून आहे. तो किती वेगाने काम करतो यावर आपली वाट पाहणी अवलंबून असतेच, पण तेवढ्यावर नाही. किती लोक येत आहेत यावरही ती अवलंबून असते आणि हे अवलंबून असणे सरळ रेषेतले नसते. या प्रश्नाचा पहिला पद्धतशीर अभ्यास दूरध्वनी केंद्रांसाठी झाला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती ॲग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये त्यावरील निबंध प्रसिद्ध केला. त्यातून पुढे रांगांचे शास्त्र उभे राहिले.

या शास्त्रातील सर्वांत सोपे सूत्र असे आहे. मागण्या अनियमितपणे येत असतील, प्रत्येकीला लागणारा वेळही अनियमितपणे कमीजास्त होत असेल आणि काम करणारा एकच असेल, तर रांगेतला काळ धरून एका मागणीला लागणारा सरासरी वेळ

१ ÷ (क्षमता − मागणी)

एवढा असतो. क्षमता म्हणजे सेकंदाला किती कामे होऊ शकतात, आणि मागणी म्हणजे सेकंदाला किती येतात. खरी डिस्क हे सूत्र काटेकोर पाळत नाही, पण कल येण्यासाठी ते पुरेसे आहे.

आमच्या सर्व्हरचे आकडे गोल करून त्यात घालू. क्षमता सेकंदाला ८०. इतर सर्वांची मागणी मिळून ४०, आणि त्या विद्यार्थ्याच्या प्रोग्रामची २०. फोल्डरची यादी उघडायला एकामागून एक अशी शंभर लहान वाचने लागतात असे धरू.

सर्व काही ठीक असताना: १ ÷ (८० − ६०) म्हणजे ५० मिलिसेकंद. यादीला ५ सेकंद.

क्षमता ६५ पर्यंत घसरल्यावर: १ ÷ (६५ − ६०) म्हणजे २०० मिलिसेकंद. यादीला २० सेकंद.

घसरलेलीच क्षमता, पण विद्यार्थ्याचा प्रोग्राम बंद: १ ÷ (६५ − ४०) म्हणजे ४० मिलिसेकंद. यादीला ४ सेकंद.

हे तीन आकडे सावकाश पाहावेत. क्षमता एक पंचमांशाहूनही कमी घटली आणि वाट पाहणी चौपट झाली. मागणी क्षमतेच्या जवळ पोचली की असेच होते. तिसऱ्या ओळीत तर काळ पूर्वीपेक्षाही कमी झाला, आणि आमची फसगत नेमकी येथेच झाली. प्रोग्राम थांबवल्यावर सुधारणा झाली हे खरे, पण बिघाड प्रोग्राममुळे झाला हे त्यावरून सिद्ध होत नाही. त्या दिवशी कोणाचीही २० मागण्यांची कामे थांबवली असती तरी हाच परिणाम दिसला असता. खचत चाललेल्या पुलावरून एक ट्रक उतरवला की पूल सावरतो, पण पूल का खचला हा प्रश्न राहतोच.

चौकशी कशी करावी

अखेर तो विद्यार्थी एक मुद्रित यादी घेऊन आला. त्याच्या प्रोग्रामने प्रत्येक तुकडीच्या कामाची सुरुवातीची व शेवटची वेळ नोंदवून ठेवली होती. पाच महिने प्रत्येक तुकडीला सुमारे १२ मिनिटे लागत होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात ती १९ झाली, मग ३०, मग ४५ च्या पुढे. तुकडीतील फाईलींची संख्या मात्र तेवढीच होती. सर्व्हर निरोगी असताना तो कसा चालत होता याची आमच्याकडची एकमेव नोंद, ज्याच्यावर आम्ही आळ घेतला होता त्याच्याकडे निघाली. मी त्याची क्षमा मागितली, आणि आम्ही चौकशी पहिल्यापासून सुरू केली. या वेळी नियम एकच ठेवला: एका वेळी एकाच ठाण्याची तपासणी, आणि मोजल्याशिवाय काही बदलायचे नाही.

पहिली पायरी म्हणजे तक्रार नेमकी करणे. "मंद आहे" याऐवजी "अमुक फोल्डरची यादी सकाळी अकरा वाजता वीस सेकंदांत उघडते" असे लिहिले, म्हणजे मोजता येते आणि नंतर तुलनाही करता येते.

दुसरी पायरी नेटवर्क. नेटवर्क टाळून थेट सर्व्हरसमोर बसून तशीच यादी उघडली. तरीही वीस सेकंद. नेटवर्क निर्दोष. येथे एक काळजी घ्यावी लागते. तेच फोल्डर दुसऱ्यांदा उघडले तर ते मेमरीतून येते आणि क्षणात उघडते. म्हणून दर वेळी त्या दिवशी कोणी न उघडलेले फोल्डर घ्यावे लागते.

तिसरी पायरी प्रोसेसर. युनिक्समधील 'टॉप' हा आदेश कोण किती काम करतो ते दाखवतो. त्यात भार १४ असा मोठा आकडा होता, पण प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला. हे विसंगत वाटते. खुलासा असा की लिनक्समध्ये भाराच्या आकड्यात डिस्ककडून उत्तर यायची वाट पाहणारे प्रोग्रामही मोजले जातात. चौदा जण काम करत नव्हते, चौदा जण रांगेत उभे होते. हा आकडा पाहून नवा प्रोसेसर घेतला असता तर पैसे पाण्यात गेले असते.

चौथी पायरी मेमरी. 'व्हीएमस्टॅट' या आदेशाने दिसले की मेमरीची टंचाई नाही आणि तिच्यातील पाने डिस्कवर हलवली जात नाहीत. पाचवी पायरी मोकळी जागा. 'डीएफ' या आदेशाने साठवण ८८ टक्के भरल्याचे सांगितले. हे चांगले लक्षण नव्हे, पण जूनमध्ये अचानक झालेला बदलही नव्हे. उरली डिस्क.

सरासरीने झाकलेला आजार

आमच्या सर्व्हरवर झेडएफएस नावाची फाईल प्रणाली आहे. ती सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत तयार झाली आणि २००५ मध्ये तिची संहिता सर्वांसाठी खुली झाली. तिच्यात सहा डिस्कचा एक गट केलेला होता. फाईलचे तुकडे करून ते वेगवेगळ्या डिस्कवर ठेवले जातात, आणि जोडीला अशी जादा माहिती ठेवली जाते की कोणत्याही दोन डिस्क निकामी झाल्या तरी काहीही हरवू नये. या सुरक्षिततेची एक किंमत असते. एक फाईल वाचायची तर बहुधा बऱ्याच डिस्कना एकाच वेळी हलावे लागते. त्यामुळे लहान मागण्यांच्या बाबतीत साऱ्या गटाची क्षमता साधारण एका डिस्कइतकीच राहते. म्हणूनच वर क्षमता ८० धरली. शिवाय सर्व तुकडे हाती आल्याशिवाय फाईल पुरी होत नाही. दिंडीत सर्वांत मागे राहिलेला वारकरी आल्याशिवाय मुक्काम पुरा होत नाही, तसेच हे.

सहाही डिस्कच्या उत्तरकाळाची सरासरी काढली तेव्हा ती ४३ मिलिसेकंद आली. फार चांगली नाही, पण भयंकरही नाही. मग 'आयोस्टॅट' या आदेशाचा सविस्तर अहवाल घेतला. तो प्रत्येक डिस्कचा आकडा वेगळा देतो. पाच डिस्कचा उत्तरकाळ १२ मिलिसेकंदांच्या आसपास होता. तिसऱ्या डिस्कचा २०० होता. पाच वेळा १२ आणि एकदा २०० यांची सरासरी ४३ येते, हे विद्यार्थीही करून पाहतील. सरासरी बरोबर होती, पण तिने आजार झाकला. वापरणाऱ्याला सरासरी भोगावी लागत नाही, सर्वांत संथ डिस्क भोगावी लागते.

प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची काही नोंद स्वतःच ठेवत असते. या सोयीला स्मार्ट म्हणतात. तिसऱ्या डिस्कच्या नोंदीत खराब झालेल्या आणि म्हणून राखीव जागेत हलवलेल्या भागांची संख्या वाढत चालली होती. पृष्ठभागाचा एखादा भाग नीट वाचता आला नाही की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचून पाहते. प्रत्येक प्रयत्नाला निदान एक फेरा लागतो. गटात वापरण्यासाठी बनवलेल्या डिस्क साधारणतः सात सेकंदांत प्रयत्न सोडून देतात, घरगुती वापराच्या डिस्क त्याहून पुष्कळ जास्त वेळ चिकाटी धरतात. आमची डिस्क मेलेली नव्हती. मेली असती तर सर्व्हरने तिला गटाबाहेर काढून धोक्याची सूचना दिली असती, आणि उरलेल्या पाचांवर काम नीट चालले असते. ती आजारी अवस्थेत कशीबशी उत्तरे देत राहिली, म्हणून कोणतीही सूचना न येता सारा गट तिच्या चालीने चालू लागला. यंत्रांच्या बाबतीत अर्धवट बिघाड हा पूर्ण बिघाडापेक्षा सापडायला अवघड असतो.

हे कळल्यावर प्रथम सर्व फाईलींची ताजी प्रत काढून घेतली, कारण आधीची प्रत सहा आठवड्यांची जुनी होती. मग डिस्क बदलली. इतर डिस्कवरील माहितीवरून नव्या डिस्कची मजकुरासह उभारणी व्हायला जवळपास दीड दिवस लागला. त्यानंतर यादी पाच सेकंदांत उघडू लागली, विद्यार्थ्याचा प्रोग्राम चालू असताना. आम्ही त्याला थांबवून गप्प बसलो असतो, तर ती डिस्क आतल्या आत खराब होत राहिली असती. तिच्यानंतर आणखी दोन गेल्या असत्या तर तीस जणांचे काम गेले असते.

हा आजार जुनाच

मोकळी जागा आणि विखुरलेपणा यांचाही सर्व्हरच्या वेगाशी निकट संबंध आहे, आणि त्याचा शोध युनिक्सच्याच इतिहासात लागलेला आहे. युनिक्सची सुरुवात १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी केली. तिच्या जुन्या फाईल प्रणालीत डिस्क नवी असताना सेकंदाला १७५ किलोबाइटपर्यंत माहिती वाचता येई. काही आठवड्यांच्या मध्यम वापरानंतर हा वेग ३० किलोबाइटवर येई. डिस्क बिघडलेली नसे. फाईली बनत आणि पुसल्या जात, मोकळ्या जागांची यादी विस्कटत जाई, आणि नव्या फाईलचे तुकडे चकतीवर वाटेल तेथे पडत. मग वाचताना भुजा सतत इकडून तिकडे धावत राही.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मार्शल मॅककुसिक, विल्यम जॉय, सॅम्युएल लेफ्लर आणि रॉबर्ट फॅब्री यांनी यावर उपाय केला आणि १९८४ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी तुकड्यांचा आकार वाढवून निदान ४०९६ बाइट केला. चकतीवरील शेजारशेजारच्या वर्तुळांचे गट पाडून एका फाईलचे तुकडे शक्यतो जवळजवळ ठेवले. आणि सुमारे दहा टक्के जागा नेहमी मोकळी राखली, कारण डिस्क भरत आली की शेजारची जागा मिळेनाशी होते. पूर्वी डिस्कच्या क्षमतेच्या दोन ते चार टक्केच वेग मिळे, तो ४७ टक्क्यांपर्यंत गेला. यंत्र तेच राहिले, फक्त मांडणी बदलली.

हा धडा आम्हीही गिरवला. जुन्या फाईली हलवून जागा मोकळी केली. त्या विद्यार्थ्याने आपण होऊन हजारो लहान फाईलींऐवजी एका दिवसाची सर्व निरीक्षणे एका मोठ्या फाईलमध्ये ठेवायला सुरुवात केली. त्याचे काम पूर्वीपेक्षाही लवकर होऊ लागले. लहान फाईली हे बिघाडाचे कारण नव्हते, तरी सुधारणेला तेथे वाव होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांची गल्लत केली म्हणूनच आम्ही चुकलो होतो.

वर्गात करून पाहा

शाळेत सर्व्हर नसला तरी एक प्रयोग सहज करता येईल. एका फोल्डरमध्ये सुमारे २०० मेगाबाइटची एकच फाईल ठेवा. दुसऱ्यात २० किलोबाइटच्या दहा हजार फाईली ठेवा. त्यांचीही बेरीज तेवढीच होते. दोन्ही फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि घड्याळाने वेळ मोजा. पेन ड्राइव्ह सुरक्षितपणे काढता येईल अशी सूचना मिळेपर्यंतचा वेळ धरा, नाहीतर मेमरी फसवते. पेन ड्राइव्हला भुजा नसते, तरी दुसऱ्या कामाला बराच जास्त वेळ लागेल. प्रत्येक फाईलची वेगळी नोंद करावी लागते, तिचा हा खर्च आहे. मोजमाप तीनदा करा आणि तिन्ही आकडे लिहा. ते वेगळे आले तर का आले याची चर्चा करा.

वरच्या वर्गांसाठी रांगेचे सूत्र आहे. क्षमता ८० धरून मागणी १०, २०, ३० असे करत ७९ पर्यंत न्या आणि आलेख काढा. बराच काळ तो जवळजवळ सपाट राहतो आणि शेवटी एकदम उभा चढतो. हा आलेख एकदा हाताने काढला की कालपर्यंत ठीक चाललेली गोष्ट आज अचानक का अडते, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत आता रोज सकाळी सर्व्हर स्वतःच प्रत्येक डिस्कचा उत्तरकाळ एका फाईलमध्ये लिहितो. काहीही बिघडलेले नसताना लिहितो, हेच महत्त्वाचे. निरोगी असतानाची नोंद नसेल तर आजार ओळखायला तुलना कशाशी करणार?

मंद हा शब्द शिक्षकांना नवा नाही. तो काही मुलांच्या नावापुढेही लावला जातो, आणि लावला की चौकशी संपते. मूल वाचताना अडते, फळा नीट दिसत नाही म्हणून अडते, की घरून उपाशी आले म्हणून अडते, हे त्या शब्दातून कळत नाही. पाचांचे १२ आणि एकाचे २०० पाहायचे असतील, तर सरासरी बाजूला ठेवून प्रत्येकाजवळ जावे लागते. आमच्या सर्व्हरला ते करायला आम्हाला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांची किंमत भलत्यानेच मोजली.